दाढेवरचे शेवटचे आठवडे
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जनावरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी त्याचा जबडा उघडून बघतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वय सांगायला एवढे शब्द पुरतात आणि भाव त्यावर फिरतो. उत्खननात निघालेल्या हाडांचे अभ्यासकही बरीच वर्षं हेच करत आले आहेत. कोणती दाढ उगवली होती, किती झिजली होती, यावरून मेंढी कितव्या वर्षी कापली गेली ते काढायचं. त्यावरून कळप दुधासाठी होता, लोकरीसाठी होता की मटणासाठी, हे ठरवायचं. ही पद्धत उत्तम आहे आणि ती कालबाह्य झालेली नाही. पण आज मला त्याच झिजेकडे फार जवळून बघायचं आहे, इतकं जवळून की तिथे वय दिसेनासं होतं आणि चारा दिसू लागतो.

मेंढीच्या तोंडाची रचना आधी थोडी सांगतो. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे एक टणक गादी असते. खालचे दात आणि ही गादी यांच्यात गवत धरून ती ते तोडते. खरं काम मागच्या दाढांचं. जबडा आडवा सरकतो, खालच्या दाढांच्या कडा वरच्या दाढांच्या कडांवरून घासत जातात आणि मध्ये सापडलेलं पान कापलं जातं. मग ते पोटात जातं, तिथून परत वर येतं आणि रवंथ करताना पुन्हा चावलं जातं. दाढेच्या कडांवर जे इनॅमल असतं ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे खरं, पण काठिण्याच्या मोह्‌ज श्रेणीत ते पाचाच्या आसपास येतं. साध्या वाळूतलं क्वार्ट्‌ज सातावर आहे. मातीचा एक कण दाढांच्या मध्ये आला की ओरखडा उठतो. त्याची रुंदी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. नुसत्या डोळ्यांना दाढ गुळगुळीत आणि चकचकीत दिसते.

गवत खाणाऱ्या जनावराच्या दाढेवर असे बारीक ओरखडे पुष्कळ असतात आणि ते बहुतेक एकाच दिशेने, चावण्याच्या दिशेने गेलेले असतात. झाडपाला खाणाऱ्याच्या दाढेवर ओरखडे कमी. बिया, शेंगा, कडक साली खाल्ल्या की खळगे पडतात, कारण तिथे चारा कापला जात नाही, दाबून फोडला जातो. मूळ कल्पना एवढीच आहे. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली ती ही कल्पना कुठे चालते आणि कुठे फसवते हे शोधण्यात.

सुरुवात पाळीव जनावरांपासून झाली नाही. १९७८ साली ॲलन वॉकर, हेंड्रिक होएक आणि लिंडा पेरेझ यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. टांझानियातल्या सेरेंगेटीत मैदानाच्या मधूनच खडकांचे ढीग वर आलेले आहेत. त्या खडकांत हायरॅक्स नावाचा सशाएवढा प्राणी राहतो. वंशाने तो हत्तीचा दूरचा भाऊबंद. त्याच्या दोन जाती एकाच ढिगावर शेजारी नांदतात. एक वर्षभर झाडपाला खाते. दुसरी पावसाळ्यात गवत खाते आणि कोरड्या हंगामात तीही झाडपाल्याकडे वळते. वॉकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दात ठेवले तेव्हा जाती ओळखू आल्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हंगामही ओळखू आला. पावसाळ्यात मेलेल्या गवतखाऊच्या दातांवर समांतर ओरखडे होते, कोरड्या हंगामात मेलेल्याच्या दातांवर ते नव्हते. म्हणजे नवा चारा जुन्या चाऱ्याच्या खुणा पुसून टाकतो.

ही पुसण्याची गती किती, हे पुढच्या दशकात मार्क टीफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माकडांवर तपासलं. दंतवैद्य घेतात तसे दातांचे ठसे ठराविक अंतराने घ्यायचे आणि मऊ किंवा कडक खाणं बदलून बघायचं. पृष्ठभाग दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशोबात बदलत होता. याआधीच, १९८६ मध्ये, फ्रेड ग्राइन यांनी या मर्यादेला एक नाव दिलं होतं: शेवटच्या जेवणाचा परिणाम. आदिमानवाच्या दातांवर काम करणाऱ्या माणसाची ती तक्रार होती आणि रास्त होती. वीस लाख वर्षांपूर्वीच्या एका जीवाचा आहार विचारावा आणि उत्तर यावं ते त्याच्या मरणाआधीच्या पंधरवड्याचं.

इथे मी माझं म्हणणं मांडतो. ही तक्रार पाळीव जनावरांच्या बाबतीत उलटी वाचायला हवी. रानातलं हरीण केव्हा मरेल ते कुणी ठरवत नाही. मेंढी मात्र बहुतेक वेळा कुणीतरी ठरवलेल्या दिवशी मरते. जत्रेचा बोकड, ईदचा बोकड, दुष्काळ येणार म्हणून आधीच कमी केलेला कळप, हिवाळ्याआधी कापलेले नर: यांतल्या प्रत्येकाच्या मरणाआधी माणसाने काहीतरी ठरवलेलं असतं. कुणाला खुराक दिला जातो, कुणाला दिला जात नाही. कुणी पीक काढलेल्या शेतात चरून आलेला असतो, कुणी दावणीला बांधलेला असतो. म्हणून दाढेवरचे शेवटचे आठवडे हे जनावरापेक्षा मालकाबद्दल जास्त बोलतात. हाडांतून वय कळतं, लिंग कळतं, आजार कळतात; पण कापण्याआधी या जनावराला कसं ठेवलं होतं, या प्रश्नाच्या इतक्या जवळ जाणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. दाढ अल्कोहोल किंवा ॲसिटोनने हलक्या हाताने साफ करायची, दंतवैद्यकातल्या सिलिकोनने ठसा घ्यायचा, त्यात पारदर्शक इपॉक्सी ओतून प्रतिकृती करायची. मूळ दाढ संग्रहालयात परत जाते आणि प्रतिकृती सूक्ष्मदर्शकाखाली येते. तिथून पुढे तीन वाटा आहेत. जुनी वाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, ज्यात प्रत्येक खूण मोजतात: लांबी रुंदीच्या चौपट किंवा जास्त असेल तर ओरखडा, नाहीतर खळगा. दुसरी वाट २००२ साली निकोस सोलूनिअस आणि जीना सेम्प्रेबॉन यांनी रूढ केली. साधा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, पस्तीस पट मोठेपणा, ०.४ मिलिमीटर बाजूचा चौरस आणि त्यातली मोजणी. ही स्वस्त आहे, झटपट आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही विभागाला परवडणारी आहे. तिसऱ्या वाटेवर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक पृष्ठभागाचा त्रिमिती नकाशा काढतो आणि संगणक त्याचा खडबडीतपणा व एकदिशपणा आकड्यांत देतो. पीटर उंगर आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास ती पुढे आणली. तिची गरज का पडली? एकाच छायाचित्रावरचे ओरखडे दोन माणसांनी मोजले तर दोन आकडे येत. अनुभवी माणसांचेही येत. विज्ञानात ही गोष्ट फार काळ हसून सोडून देता येत नाही.

आता खऱ्या वादाकडे येतो. ओरखडा नेमका काढतो कोण?

१९५९ साली बेकर, जोन्स आणि वॉर्ड्रॉप या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं होतं: गवतच. गवत जमिनीतलं सिलिका शोषून घेतं आणि पेशींत त्याचे सूक्ष्म काचेरी खडे बनवतं. त्यांना फायटोलिथ म्हणतात. या तिघांच्या मापनात फायटोलिथ इनॅमलहून कठीण निघाले आणि मेंढ्यांच्या दातांच्या झिजेचा दोष गवताच्या माथी आला. हे उत्तर इतकं नेटकं होतं की पाठ्यपुस्तकांतून ते सिद्ध गोष्टीसारखं फिरत राहिलं. गवताळ मैदानं पसरली, घोड्यांच्या आणि गुरांच्या दाढा उंच झाल्या, कारण गवतात काच असते; ही गोष्ट मीही अनेक वर्षं वर्गात सांगितली.

पण १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये हीली आणि लडविग ही मंडळी वेगळ्याच टोकाने निघाली होती. तिथल्या मेंढपाळांची अडचण खरीखुरी होती: मेंढ्यांचे दात लवकर झिजत आणि दात गेलेली मेंढी निकामी. त्यांनी मेंढ्यांच्या लेंड्या गोळा करून त्यांत माती किती आहे ते मोजलं. हिवाळ्यात, गवत आखूड झालेलं आणि जमीन ओली असताना, मेंढी गवताबरोबर माती ओढून खाते. जिथे माती जास्त, तिथे झीज जास्त. मला हा अभ्यास फार आवडतो. प्रश्न शेतकऱ्याचा होता आणि उत्तर कुरणातल्या लेंड्यांत होतं.

पुढे २००७ मध्ये सॅन्सन आणि सहकाऱ्यांनी फायटोलिथचं काठिण्य नव्या साधनांनी पुन्हा मोजलं आणि ते इनॅमलहून मऊ भरलं. जवळजवळ अर्धशतक चाललेली समजूत एका मापनाने डळमळली. मग दुसऱ्या बाजूने प्रश्न आला: मऊ पदार्थही पुन्हापुन्हा घासून कठीण पृष्ठभाग झिजवू शकत नाही का? शकतो, असे प्रयोगही झाले. आणि २०१६ मध्ये फ्रान्समध्ये झिल्दा मर्सरों आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांचे गट करून काहींना गवत दिलं, काहींना क्लोव्हर; काहींचा चारा स्वच्छ, काहींच्या चाऱ्यावर धूळ. धुळीचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत सहारातून येणाऱ्या हरमाटन वाऱ्याच्या धुळीवरून घेतलं होतं. निष्कर्ष असा की धूळ असो-नसो, गवत आणि क्लोव्हर यांच्यातला फरक दातांवर दिसतोच. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी लिहिलं होतं की धुळीने फरक पडत नाही. चार वर्षांनी शेळ्यांवरच्या दुसऱ्या एका चारा-प्रयोगाचा निबंध आला, त्याचं शीर्षक होतं ‘सगळ्यानेच फरक पडतो’. संशोधकांनाही चिमटा काढता येतो.

माझं मत विचाराल तर न्यूझीलंडवाले आणि फ्रान्सवाले दोघेही बरोबर आहेत, कारण दोघे वेगवेगळ्या मातीबद्दल बोलतात. वाऱ्याने पानावर बसलेली बारीक धूळ ही एक गोष्ट. आखूड गवत ओढताना मुळासकट तोंडात आलेली रेताड माती ही दुसरी. पहिली चाऱ्याची खूण झाकत नसेल. दुसरी झाकू शकते. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांचं आणखी एक वैशिष्ट्य २०१९ मध्ये झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी शेळ्यांवर दाखवलं. चाऱ्याबरोबर गिळलेली वाळू पोटातल्या द्रवात खाली बसते, आणि रवंथीसाठी वर येणारा चोथा बऱ्यापैकी धुतलेला असतो. म्हणजे सर्वांत जोराचं चावणं होतं ते स्वच्छ चाऱ्याचं. घोड्याला ही सोय नाही. तेव्हा घोड्याच्या आणि मेंढीच्या दाढा एकाच मोजपट्टीवर ठेवताना जपून.

पाळीव शेळ्यामेंढ्यांच्या दाढांवर सर्वांत चिकाटीने काम केलं ते इंग्रिड मेनलँड यांनी. त्यांच्या कामाचा कणा असा की जुन्या दाढेला प्रश्न विचारण्याआधी आजच्या दाढेचं उत्तर माहीत हवं. म्हणून त्यांनी एकाच गॉटलंड जातीच्या मेंढ्या घेतल्या, काही गवतावर चरणाऱ्या आणि काही झाडपाल्यावर जगणाऱ्या, आणि त्यांची झीज तुलना करून २००३ मध्ये छापली. १९९८ च्या निबंधात चरणारी जनावरं आणि बांधून चारा दिलेली जनावरं यांच्यातला फरक त्यांनी आकड्यांत मांडला होता. युरोपात हा फरक मोठा असतो. हिवाळ्यात बाहेर चारा नाही, म्हणून उन्हाळ्यात फांद्या छाटून, वाळवून, पानांचे भारे साठवायचे ही तिथली फार जुनी चाल. असा साठवलेला पाला खाणाऱ्या शेळीच्या तोंडात माती जवळजवळ जातच नाही.

सर्वांत चमत्कारिक नमुना स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर मिळाला. नॉर्थ रॉनल्डसे या बेटावर १८३२ साली बेटाभोवती दगडी गडगा घातला गेला, सुमारे वीस किलोमीटर लांब. आपण गडगा घालतो तो पिकात गुरं शिरू नयेत म्हणून, आणि तिथेही कारण तेच होतं. पण तिथल्या मेंढ्या गडग्याच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला ठेवल्या गेल्या. आजही त्या किनाऱ्यावर राहतात, ओहोटी लागली की खाली उतरतात आणि समुद्रशेवाळ खातात. त्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. कोकरं होण्याच्या काळात माद्यांना तेवढं आत गवतावर घेतात. मेनलँड यांनी या शेवाळखाऊ मेंढ्यांची झीज ऑर्कनीतल्याच गवतखाऊ मेंढ्यांशी ताडून पाहिली, म्हणजे जुन्या दाढेवर अशी खूण आली तर ओळखता यावी.

मग जुनी दाढ. ऑर्कनीतच होम ऑफ पापा वेस्ट्रे या चिमुकल्या बेटावर नवाश्मयुगातलं एक दगडी थडगं आहे. तिथल्या मेंढ्यांच्या दाढांवर मारी बालास आणि सहकाऱ्यांनी समस्थानिकांची तपासणी केली. समुद्रशेवाळात कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण जमिनीवरच्या तिथल्या गवताहून वेगळं असतं, आणि ते खाणाऱ्या कोकराच्या इनॅमलमध्ये उतरतं. दाढ वरून खाली थराथराने घडत जाते, म्हणून तिच्या उंचीवर क्रमाने नमुने घेतले तर वर्षाचे ऋतू वाचता येतात. निष्कर्ष असा निघाला की पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मेंढ्या हिवाळ्यात शेवाळ खात होत्या.

इथे जरा थांबू, कारण एकाच दाढेत दोन वेगवेगळे काळ नोंदलेले आहेत. समस्थानिक सांगतात ते दाढ घडत असतानाचं, म्हणजे कोकरूपणाचं. एकदा घडलेलं इनॅमल पुन्हा बदलत नाही. पृष्ठभागावरचे ओरखडे सांगतात ते मरणाआधीचं. मधली वर्षं दोन्हींतून निसटतात. पण या दोन टोकांना एकत्र धरलं तर जन्मानंतर कुठे वाढलं आणि मरणाआधी कुठे होतं, हे एकाच जनावराबद्दल विचारता येतं. फिरत्या कळपांचा इतिहास लिहायचा असेल तर याहून कामाचा प्रश्न कोणता?

आणखी एक पद्धत सांगून मी आपल्या मातीकडे येतो. फ्लोरां रिव्हाल यांनी २०१५ मध्ये एक साधी पण हुशार गोष्ट पुढे आणली. एका थरातल्या अनेक जनावरांचे ओरखडे मोजा, पण सरासरीपेक्षा त्यांच्यातल्या फरकाकडे बघा. सगळी एकाच हंगामात मेली असतील तर शेवटचा चारा सारखा, म्हणून आकडे जवळजवळ. वर्षभर थोडी थोडी मेली असतील तर आकडे पसरलेले. ज्यांचा मृत्युकाळ माहीत होता अशा आजच्या जनावरांवर त्यांनी हे पडताळून पाहिलं. म्हणजे आहार बाजूला ठेवून, वस्ती वर्षभर होती की हंगामी, हे दाढांना विचारता येतं.

आणि हा प्रश्न दख्खनमध्ये अगदी मोक्याचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० ही वस्ती. ढवळीकरांची मांडणी अशी की इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर विसंबून अर्धभटके झाले. या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. वाद मुख्यतः घरांच्या आकारावर, हाडांच्या प्रमाणावर आणि धान्यावर चालला. दाढांचा पृष्ठभाग हा यात वेगळा साक्षीदार ठरू शकतो. या शेवटच्या कोरड्या काळातले, म्हणजे उत्तर जोर्वे काळातले लोक वर्षातले काही महिनेच इनामगावात असतील, तर तिथे कापलेल्या मेंढ्यांची झीज एकमेकींसारखी असायला हवी. वर्षभर वस्ती असेल तर ती पसरलेली दिसेल. अर्थात वर्षभर एकच चारा देणारा मालकही सारखीच झीज देईल. म्हणून हा पुरावा एकट्याने निकाल देणार नाही.

पण युरोपातले आकडे उचलून इथे लावायचे नाहीत. गॉटलंडच्या मेंढीचं ओलं कुरण आणि शिरूरचं माळरान यांत फार अंतर आहे. इथे कुसळी गवत वाळून काटक होतं, उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर जगतात, काळी माती पायांखाली भुकटी होते. पीक निघालं की शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवतात आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतात. काही कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी वर येतात. एकाच मेंढीच्या दाढेवर वर्षभरात तीन-चार वेगवेगळे पृष्ठभाग येऊन पुसले जात असणार. त्यांचा संदर्भसंग्रह इथेच करावा लागेल: गावोगावच्या खाटकांकडून जबडे घ्यायचे आणि प्रत्येक जबड्याबरोबर मेंढपाळाकडून एक माहिती नोंदवायची, की शेवटचा महिनाभर कळप कुठे होता आणि काय खात होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसून हे मिळणार नाही. त्यासाठी वाड्यावर जाऊन, धनगर सांगतील त्या वेळेला, सांगतील तसं ऐकावं लागेल. लेंड्या गोळा कराव्या लागतील, कारण मातीचा हिशोब तिथेच आहे. खर्च फार नाही. पस्तीस पट मोठेपणाचा सूक्ष्मदर्शक आणि दंतवैद्याचं सिलिकोन, एवढ्यावर सुरुवात होते.

समोर बसलेल्यांत उत्खननावर जाणारे विद्यार्थी आहेत म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. मातीत पडलेल्या दाढेवरही खुणा होतात, मुळांच्या, आम्लांच्या, वाहत्या वाळूच्या. त्या ओळखता येतात, कारण त्या दाढेच्या सगळ्या बाजूंवर आणि वाटेल त्या दिशेने असतात, तर चावण्याच्या खुणा फक्त घासणाऱ्या कडांवर आणि ठराविक दिशेने. पण आपण केलेल्या खुणा सर्वांत वाईट, कारण त्या नेमक्या वरच्या पृष्ठभागावर आणि एका दिशेने असतात. तेव्हा हाडं धुताना शेळ्यामेंढ्यांचे जबडे वेगळे काढा. त्यांना टूथब्रश लावू नका, कडक ब्रश तर नाहीच. दाढांवर पिवळसर कीटण दिसलं तर ते तसंच राहू द्या; त्यात चाऱ्याचे कण अडकलेले असतात, ठसा घेण्याआधी त्याचा नमुना निघायला हवा, आणि समस्थानिकांसाठी छिद्रं पाडायची ती सर्वांत शेवटी. चाळणीतून आलेला जबडा मऊ कागदात गुंडाळून, थर आणि खड्डा लिहून, वेगळ्या पिशवीत ठेवा. धुवायची घाई नको.